सिस्टरबाईंना मंडप नको होता

बातमी आली तेव्हा मी मोहाडीला एका लग्नात आचाऱ्याशी भांडत होते. माझी मोठी कढई त्यानं करपवली होती आणि वर मलाच ऐकवत होता, की बाई, तुमची कढईच पातळ आहे. तेवढ्यात फोन वाजला. स्नेहलचा होता. स्नेहल म्हणजे आमच्या गावच्या दावीदभाऊंची सून, सिस्टरबाईंच्या शेजारच्याच घरातली. "काकू, सिस्टरबाई गेल्या... चहा मागितला होता त्याईनं. मी आणला तं..." मी कढई, आचारी, वरात, सगळं पोरांच्या हवाली केलं आणि ऑटोत बसले. खरं सांगू? पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मयताच्या बातमीवर असं कोणी लिहीत नाही, हे मला कळतं. पण शेवटचे महिने त्या बाईंनी पोटातल्या दुखण्यानं जे काही सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उशाशी बसून मीच किती वेळा म्हटलं असेल, देवा, त्यांचा असो की माझा, सोडव रे आता. तेव्हा सुटल्या, हे पहिलं मनात आलं. रडू नंतर आलं, रेल्वे फाटकापाशी ऑटो थांबला तेव्हा. आणि त्याच्याही नंतर मला आठवलं, की बाई सुटल्या, पण मला एक काम लावून गेल्या आहेत आणि ते काम सोपं नाही.

ते काम काय, हे सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भांडी, सगळं भाड्यानं देते. मी ख्रिस्ती नाही. आमचं घर शेतकऱ्याचं, तलावाखाली धानाच्या बांध्या, देव्हाऱ्यात आमचे देव. धंदा नवऱ्याचा. तो अचानक गेला तेव्हा मला मंडपाचा खांब कुठला आणि आडवा बांबू कुठला हेही समजत नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई घरी आल्या. कृपाबाई त्यांचं नाव, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, पण अख्खा गाव सिस्टरबाईच म्हणायचा. मला वाटलं सांत्वन करायला आल्या. छे! दारातूनच नाक मुरडलं. "वत्सला, गोदामातून वास येऊन राहिला. सतरंज्या कुजून राहिल्या तुह्या. रडाले सारा जन्म पडला आहे, आधी त्या उन्हात टाक." मला असा संताप आला! पण उठले. त्या स्वतः पदर खोचून एक टोक धरायला उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी अख्खं अंगण सतरंज्यांनी झाकून टाकलं आणि संध्याकाळी त्याच सतरंज्या भाड्यानं मागायला एक जण आला. तेव्हापासून माझं घर चालू आहे ते आजपर्यंत. त्यामुळं ती बाई काही सांगायची तेव्हा मी आधी चिडायची आणि मग करायची. आमचं नातं असंच होतं.

आता चर्च. आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण चर्च जुनं, जाड भिंतींचं, वर सागाच्या वळ्या, म्हणजे वासे, आणि त्यांवर कवेलू, म्हणजे कौलं. मिशनच्या लोकांनी कधीकाळी बांधलेलं. आमच्याकडं कवेलूचं घर म्हणजे पावसाळ्याआधी दरवर्षी वर चढून कवेलू फेरावे लागतात, फुटके काढा, नवे बसवा. चर्चवर कोण चढणार? जुनी माणसं गेली, नवी पोरं नागपूरला. वर माकडांचा उच्छाद. शेवटी एका रविवारी पाळकसाहेब उपदेश करत असताना दोन कवेलू वळीच्या तुकड्यासकट खाली आले, ते थेट वेदीसमोर. पाळकसाहेब तरुण होते, नवीनच आलेले. त्यांनी उपदेश तिथंच आटोपता घेतला. सिस्टरबाई म्हणायच्या, "देवानंच सांगतलं, लांबण लावू नको म्हणून."

मग जीर्णोद्धारासाठी ट्रस्ट झाला. दावीदभाऊ चेअरमन. वीज मंडळातून निवृत्त झालेला, करारी, सरळ माणूस, पण एकदा डोक्यात काही बसलं की खिळा ठोकल्यासारखं. सिस्टरबाई सचिव. आणि मला म्हणाल्या, तू पण ये. मी म्हटलं, अहो, मी तुमच्या चर्चची कोण? तर म्हणतात कशा, "आमच्यात सारे एकमेकांचे साळे-जावई आहेत. कोणाले कोणी बोलत नाही. एक बाहेरची भांडखोर बाई पायजे." आता याला मान म्हणायचं की अपमान, मला आजवर कळलेलं नाही. पण गेले.

पहिलं भांडण छतावरूनच. दावीदभाऊंचं म्हणणं, सगळं पाडा आणि स्लॅब टाका. माकडं नाहीत, कवेलू नाहीत, कटकट नाही. निम्मी कमिटी त्यांच्याकडं. सिस्टरबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पुढची सभा मे महिन्यात भर दुपारी ठेवली, आणि ठेवली कुठं, तर शाळेच्या स्लॅबच्या खोलीत. त्यात लाइन गेलेली. आमचा भंडाऱ्याचा उन्हाळा ज्यानं पाहिला त्याला पुढचं सांगायला नको. अर्ध्या तासात सगळे घामानं निथळले, एक म्हातारे गृहस्थ तर सदऱ्याच्या गुंड्या सोडून बसले. तेव्हा बाई उठल्या. "चला, मत चर्चमध्ये जाऊन देऊ." चर्चमध्ये पाऊल ठेवलं आणि त्या जाड भिंतींचा गारवा असा अंगावर आला, की दावीदभाऊसुद्धा "अहाहा" म्हणाले. म्हणाले आणि मग जीभ चावली. कवेलूचा ठराव तिथंच पास झाला. दावीदभाऊ पुढं आठवडाभर माझ्याशीही बोलले नाहीत, जणू ऊन मीच पाडलं होतं.

पैसा उभा करायचा तर ख्रिस्ती मंडळींची एक रीत आहे. कापणीचा सण. धान घरी आलं, की पहिलं फळ देवाला म्हणून लोक शेतातलं, परसातलं चर्चमध्ये आणतात. नवे तांदूळ, कोहळं, अंडी, कोंबडी, मुळ्याच्या जुड्या. उपासना झाली की अंगणात त्याचाच लिलाव. त्या वर्षी छत उघडं असल्यामुळं सगळं माझ्या मंडपात झालं आणि लिलाव पुकारायला उभ्या सिस्टरबाई. लोकांना वाटलं बाई लाजतील. लाजतील कसल्या! ज्याच्याकडं बोट करतील त्याची नस त्यांना ठाऊक. "गणपतराव, तुमच्या बायकोचं पहिलं बाळंतपण अडलं होतं तवा माह्ये पाय धरले होते तुम्ही. आता हा कोंबडा तं धरा." हसून हसून लोकांची मुरकुंडी. हे गणपतराव म्हणजे आमच्यातलेच, चर्चशी काही संबंध नाही. पण त्या दिवशी अर्धा गाव आला होता. तलावावर मासे धरणारे ढिवर बांधव ओली रोहू घेऊन आले, पोवार शेतकऱ्यांनी तांदूळ आणले. आणि त्या कोंबड्याची तर गंमतच झाली. तिथली चाल अशी, की लिलावात घेतलेली वस्तू मनात आलं तर पुन्हा देवाला देऊन टाकायची, म्हणजे पुन्हा लिलाव. एकानं कोंबडा घेतला आणि परत दिला. मग दुसऱ्याला कसं राहवणार? त्यानंही घेतला आणि परत दिला. मग ती इरेसरीच लागली. शेवटी कोंबडा घरी न्यायला कोणीच तयार नाही, कारण जो नेईल तो कंजूष ठरेल. बाईंनी त्याला बगलेत धरून जाहीर केलं, "हा आता छताचा कोंबडा. याले कोणी कापायचं नाही." त्या हसण्यातून छताच्या सागाची सोय झाली. कोणाचं नाव कुठं लागलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

काम सुरू झालं आणि दिवाळीनंतर केव्हातरी बाईंचं दुखणं बाहेर पडलं. नर्सच त्या. नागपूरचे रिपोर्ट हातात आले तेव्हा डॉक्टरांच्या आधी त्यांनी वाचले आणि घडी करून पिशवीत ठेवले. मला सांगितलं ते चर्चच्या अंगणात, खुर्चीवर बसून मिस्त्रीला दटावता दटावता. "वत्सला, मी काही पुढची कापणी पाहात नाही." आणि त्या आपल्या चालूच. "एक सांगून ठेवते. मले चर्चमधूनच काढजो. छताखालून. तुह्या मंडपातून नको."

मला हसू आलं आणि रडूही. "का हो, माझ्या मंडपाला काय झालं?"

"तो लग्नाचा आहे. गुलाबी झालर, वर चमकी. मी जिंदगीभर पांढरं घातलं. मेल्यावर नवरीवानी दिसू काय?"

हे सगळं हसत. पण हसता हसता माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी नीट पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "माह्या बापाचं मयत याच चर्चमधून निघालं, मायचं निघालं, माह्या नवऱ्याचं निघालं. छताले भोक पडलं म्हणून मी काहून अंगणातून जाऊ?" तेव्हा मला समजलं, की शाळेच्या खोलीतली ती सभा, तो लिलाव, आजारपणातही रोज येऊन खुर्ची टाकून बसणं... बाईंना घाई होती. छत आधी होतं की आपण आधी जातो, एवढाच प्रश्न उरला होता. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

आणि यातच बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. चैत्रात छत झालं. मग खाली जुन्या पद्धतीनं चुन्याचा कोबा केला. मिस्त्री म्हणाला, जमीन नीट धरेपर्यंत वर्दळ नको, जड सामान तर नकोच. पण लोकांना कुठला धीर? कोणी म्हणे रविवारची उपासना करून घेऊ, कोणी म्हणे माझ्या पोराचा साखरपुडा उरकून घेऊ. तेव्हा सिस्टरबाईंनीच कमिटीत ठराव मांडला, की बिशपसाहेबांच्या हस्ते चर्च पुन्हा देवाला समर्पण होईपर्यंत चर्चमध्ये कुठलंही कार्य करायचं नाही, कोणाचंही नाही. दार बंद, चावी चेअरमनकडं. एकमतानं पास. समर्पणाची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्यातली. मी त्यांना घरी सोडताना चांगली फैलावर घेतली. "अहो, हे काय केलं? तुमचं काय?" तर शांतपणे म्हणाल्या, "मी तोवर राहते कदाचित." आणि थोड्या वेळानं, "नाही राहिले तं तू पाहून घेजो." मी म्हटलं, मग आत्ताच तुमच्यापुरता ठराव बदलून घ्या. त्यावर जी नजर टाकली! "माह्यासाठी मोडला तं उद्या सारेच मोडतील. नियम करणाऱ्यानं पयले पाळावा." वा रे वा. मरायचं यांनी, नियम पाळायचा यांनी आणि भांडायचं वत्सलाबाईंनी.

त्या राहिल्या नाहीत. तारखेच्या बऱ्याच आधी, त्या लग्नाच्या सकाळी, चहा मागून गेल्या.

मी पोचले तेव्हा बाईंच्या अंगणात ट्रस्टची मंडळी जमली होती, माझ्याच लाल खुर्च्यांवर. आत बायका अंघोळ घालत होत्या. मुलगी रायपूरहून निघाली होती, रात्रीपर्यंत येणार, म्हणजे माती दुसऱ्या दिवशी. दावीदभाऊंनी मला पाहताच सांगितलं, "वत्सलाबाई, बरं झालं आल्या. उद्यासाठी चर्चच्या अंगणात मंडप टाका. उपासना तिथंच घेऊ."

मी म्हटलं, "मंडप कशाला? चर्च आहे ना."

"चर्च बंद आहे जी. ठराव आहे. आणि ठराव कोणाचा आहे, तुमच्या सिस्टरबाईचाच."

मी त्यांची इच्छा सांगितली. पाळकसाहेब खाली बघत राहिले. एक जण म्हणाला, खरं आहे, पण समर्पणाआधी... दुसरा म्हणाला, कोबा ओला आहे. सगळे कुठल्या तरी कारणाच्या आडोशाला उभे होते. शेवटी मीच विचारलं, "दावीदभाऊ, ठरावाचं सोडा. खरं काय ते सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. तो माणूस खोटं बोलणारा नाहीच. म्हणाले, "नव्या छताखाली पयलं कार्य मयताचं... नाही वत्सलाबाई. मले नाही जमत." मला आधी हसूच येणार होतं. शकुन-अपशकुन आमच्याकडचा, तो यांच्या चर्चमध्ये कुठून शिरला? पण मग आठवलं. दावीदभाऊंनी नवीन घर बांधलं तेव्हा गृहप्रवेशाला आठवडा व्हायच्या आत त्यांच्या धाकट्या भावाचं मयत त्या घरातून निघालं होतं आणि वर्ष संपायच्या आत त्यांची बायको गेली. त्या घरात त्या माणसानं पुढं दिवाळीचा रंग लावला नाही. हे भेव वरवरचं नव्हतं. आणि समर्पणाच्या दिवशी, बिशपसाहेबांच्या हातून, त्यांच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा व्हायचा होता. स्नेहलच्या पोरीचा. म्हणाले, "तिथंच माह्या नातीले पाण्याखाली धरायचं आहे जी. त्याच जागी उद्या पेटी ठेवू?"

माझा राग थोडा ओसरला, पण बाईंनी धरलेलं मनगट काही विसरता येईना. मग मी माझ्या हातात होतं ते केलं. म्हटलं, "बरं. पण मंडप मी देणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. त्यांना माझ्या मंडपातून जायचं नव्हतं, तर मी टाकणार नाही. दुसरीकडून आणा."

आणा म्हटलं, कारण मला ठाऊक होतं. लग्नसराई. मोहाडी, तुमसर, भंडारा, फोन फिरवले सगळीकडं. एकाही बिछायतवाल्याकडं बांबूसुद्धा मोकळा नव्हता. मला मनातून उकळ्या फुटत होत्या, आता उघडा म्हणावं दार. पण शहाण्यानं फार शहाणपणा करू नये. दावीदभाऊ फोन ठेवून म्हणाले, "मग राहू द्या. घरूनच सरळ कबरस्थानात नेऊ. पाळकसाहेब तिथंच प्रार्थना करतील."

चर्च नाही, मंडप नाही, अंगणसुद्धा नाही! माझ्या हट्टापायी बाई चर्चच्या गेटाबाहेरूनच जाणार. तोंड उघडून "टाकते मंडप, गुलाबी तर गुलाबी" म्हणणार, इतक्यात आतून स्नेहल आली. हातांना साबणाचा वास, केस मोकळे, खांद्यावर पोरगी. बाईंना अंघोळ घालून, पांढरं नेसवून ती बाहेर आली होती आणि दारामागून तिनं सगळं ऐकलं होतं. या पोरीनं सासऱ्यासमोर कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"बाबा, पयलं कार्य मयताचं नको, एवढंच न?"

तिनं खांद्यावरची पोरगी पुढं धरली.

"मग पयलं हिचं करा. उद्या सकाळी हिचा बाप्तिस्मा करा. अन् मग सिस्टरबाईले आत घ्या."

"अवो पोरी, बिशपसाहेब येऊन राहिले तिच्यासाठी... सारे पाहुणे..."

"हे पोरगी उलटी होती पोटात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माह्यापाशी कोण होतं बाबा? तवा त्याईले स्वतःले उभं राहवत नव्हतं. खाटेले धरून उभ्या होत्या." मग ती पाळकसाहेबांकडं वळली. "पाळकसाहेब, पाणी तं तेच राहते न? बिशपसाहेबाचं येगळं राहते काय?"

पाळकसाहेब पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "नाही. तेच राहतं." आणि अशा वेळी हसू नये, पण कोणीतरी फिस्कन हसलं, मग दुसरं हसलं. दावीदभाऊंनी नातीकडं पाहिलं. ती त्यांच्याच चष्म्याकडं हात करत होती. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि उगीचच खेकसले, "मग बिशपसाहेबाले फोन तं लावा! ठराव काही असाच मोडता येत नाही." पाळकसाहेबांनी फोन लावला. पलीकडून बिशपसाहेबांनी कोण गेलं एवढंच विचारलं, नाव ऐकलं आणि म्हणाले, छत कोणासाठी घातलंय मग? उघडा दार. माझ्या छातीवरची धोंड अशी उतरली, की मी तिथंच खुर्चीत बसले आणि हमसून हमसून रडले. सकाळपासून जे अडकलं होतं ते सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचं दार उघडलं. नव्या सागाचा आणि चुन्याचा वास होता आत. मोजकीच माणसं. स्नेहलच्या पोरीच्या कपाळावर पाणी पडलं तशी तिनं असं भोकाड पसरलं, की नव्या छतातून आवाज परत आला. तिचं नाव कृपा ठेवलं. ते मात्र मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दावीदभाऊ भिंतीकडं तोंड करून उभे होते. आणि मग दुपारी त्याच दारातून बाई आत आल्या. रोहूवाले, पोवार, गणपतराव, सुई टोचून घेतलेला सगळा गाव. आत मावेनात म्हणून बाहेर उन्हात उभे. तेव्हा शेवटी मला मंडप टाकावाच लागला, सावलीसाठी. गुलाबी झालर, वर चमकी. बाई चर्चमधून निघाल्या, जसं ठरलं होतं तसं, पण दारापासून गेटापर्यंत गेल्या त्या माझ्याच झालरीखालून. त्याला माझा नाइलाज होता. पेटी पुढं जात असताना मी मनातल्या मनात म्हटलं, थोडं चालवून घ्या हो सिस्टरबाई, थोडी नवरी तर थोडी नवरी.

पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणं समर्पण झालं. बिशपसाहेब आले, फुलं, गाणी, सगळं झोकात. लाल गालिचा आणि पाहुण्यांसाठी पाठीची मोठी खुर्ची माझी. बिशपसाहेब बसले आणि खुर्ची एकदम डुगडुगली. त्यांनी सावरून घेतलं. पुन्हा डुगडुगली. दावीदभाऊंनी लांबून माझ्याकडं डोळे वटारले, लंगडी खुर्ची आणली म्हणून. मी काय कमी? गीत चालू असताना वाकून गेले, खुर्चीचे चारी पाय पाहिले. चांगले सरळ. मग गालिचाचं टोक वर केलं. खाली कोब्यात खळगे होते. आठ ठळक खळगे, पेटीखालच्या माझ्या दोन लोखंडी स्टुलांचे. मिस्त्री बजावून गेला होता, जड काही ठेवायचं तर खाली फळी घाला. त्या दिवशी त्या घाईत फळी कोणाला आठवणार? ओल्या जमिनीत बाईंचं वजन उतरलं होतं. बिशपसाहेबांच्या खुर्चीचा एक पाय नेमका त्यातल्या एका खळग्यात.

दावीदभाऊ तोवर येऊन पोचले होते. मला बोलणारच होते, पण त्यांनीही पाहिलं. गुडघ्यावर बसले, एवढे चेअरमन, भर कार्यक्रमात, आणि बोटानं तो खळगा चाचपला. मी हळूच म्हटलं, "मिस्त्रीला सांगते. बुजवून देईल तो."

"काही बुजवू नका जी," ते म्हणाले. "खुर्ची तिकडं सरकवा."

आम्ही दोघांनी मिळून बिशपसाहेबांना खुर्चीसकट बाजूला सरकवलं. आता तिथं कोणी काही ठेवत नाही. झाडू मारणारी बाई कुंच्यानं ते खळगे तेवढे वेगळे झाडते. परवा एका कार्याला दिलेल्या खुर्च्या परत आणायला गेले, तर रविवारची उपासना चालू होती. स्नेहलची पोरगी आता रांगते. आईच्या हातून निसटली आणि तुरुतुरु थेट तिथं जाऊन बसली, खळग्यात बोट घालून. दावीदभाऊंना उपासनेत लेकरांची हालचाल खपत नाही, त्यामुळं मी त्यांच्याकडं पाहिलं. ते नातीकडं बघत होते. उठले नाहीत, ओरडले नाहीत. पाळकसाहेब बोलत राहिले आणि पोरगी तिथंच बसून राहिली.